शेजारच्या झाडाची मुळं आपल्या घरापर्यंत आली तर काय करावं? कोल्हापूरकरांसाठी सविस्तर माहिती

कंपाऊंडपलीकडच्या उंबराची मुळं आपल्या बाजूला येतात, अंगणातली फरशी उचलली जाते, संडासाचं चेंबर महिन्याआड तुंबतं. अशा वेळी कुणाला कुऱ्हाड आठवते, कुणाला वकील. घरदुरुस्तीच्या कामात हे वाद मी जवळून बघत आलो आहे आणि माझं मत ठाम आहे: यातले बहुतेक वाद झाड न तोडता आणि कोर्टाची पायरी न चढता मिटतात. पण त्यासाठी कामं योग्य क्रमाने करावी लागतात. आधी निदान, मग हद्द, मग बोलणं, मग कागद आणि सगळ्यात शेवटी करवत. हा क्रम उलटा झाला की शेजार तर तुटतोच, वर कायद्याचा बडगा आपल्याच पाठीत बसतो.

राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या भागांत मोठ्या प्लॉटवरच्या बंगल्यांभोवती हौसेनं लावलेली झाडं आता दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत उभी आहेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत घराला घर लागून असल्यामुळे तिथे बुंध्यापेक्षा भिंतीत उगवलेल्या पिंपळाचा त्रास जास्त. पाचगाव, कळंबा, उजळाईवाडीकडच्या नव्या वसाहतींत अडचण वेगळी: तिथे महापालिकेची हद्द संपते आणि कायदाही बदलतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी चेंबर उघडा

शेजाऱ्याकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा: नुकसान खरंच मुळांमुळे झालंय का, आणि मुळं त्याच झाडाची आहेत का?

ड्रेनेजपासून सुरुवात करा. चेंबरचं झाकण काढून पाईपच्या तोंडाशी टॉर्च मारा. मुळं शिरली असतील तर जटांसारखा तपकिरी गुंता लोंबताना दिसतो आणि त्यात कागद, केस, साबणाचा थर अडकलेला असतो. इथे एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करायला हवी. धडधाकट पाईप फोडून मूळ सहसा आत शिरत नाही. जिथे जोड गळतो तिथे ओल असते, आणि मूळ ओलीकडे वाढतं. जुन्या घरांतले चिनीमातीचे पाईप सिमेंटच्या जोडांवर बसवलेले असतात. ते जोड काही वर्षांनी सुटतात आणि केसाएवढी फट मुळाला पुरते. म्हणजे चेंबर तुंबण्याच्या बाबतीत निम्मा दोष बहुधा आपल्या गळक्या पाईपचा असतो. शेजाऱ्यासमोर हे आपणच आधी बोललात, तर पुढची निम्मी कटुता टळते.

फरशी, पेव्हर ब्लॉक, कंपाऊंडची भिंत या हलक्या गोष्टी. बुंध्याजवळचं जाड मूळ फुगत जातं तसं ते यांना सरळ उचलतं. कंपाऊंडचा पाया जेमतेम फूट-दीड फूट असतो, त्यामुळे भिंत कलते आणि खालून मूळ दिसतंही. दुमजली घराचा पाया मात्र मुळाच्या जोरावर उचलला जाणं फार क्वचित घडतं, कारण वरचं वजनच तेवढं असतं.

घराच्या भिंतीला तडा गेला असेल तर कारण बहुतेक मातीत असतं. पंचगंगेच्या अंगाला आणि शहराच्या बऱ्याच सखल भागांत काळी माती आहे. ती ओलीनं फुगते आणि सुकली की आक्रसते. मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी ओढून घेतं, पाया एका बाजूला खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, पायऱ्यापायऱ्यांचा तडा जातो. हाच तडा गळका पाईप, शेजारचं खोदकाम किंवा मुळातच कच्चा पाया यामुळेही जाऊ शकतो. फरक ओळखायला साधा उपाय आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एकेक टिंब काढा, त्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि तिथेच भिंतीवर तारखेसह लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजा. तडा एप्रिल-मेमध्ये रुंदावत असेल आणि पावसाळ्यात मिटत असेल तर झाडावर संशय घ्यायला जागा आहे. पावसाळ्यातच वाढत असेल तर आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. मुरूम किंवा कातळावरच्या घराला हे काळ्या मातीचं कारण लागू होत नाही.

मूळ कोणत्या झाडाचं? मूळ उघडं करून त्याच्या सालीला नखानं किंवा चाकूच्या टोकानं अगदी हलका ओरखडा काढा. पांढरा चीक आला तर ते वड, पिंपळ, उंबर किंवा फणसाच्या जातकुळीतलं. आंब्याच्या मुळाला तसा दुधासारखा चीक येत नाही. शेजाऱ्याकडे आंबा आहे आणि मुळातून दूध गळतंय, तर झाड दुसरीकडेच कुठेतरी आहे. कदाचित रस्त्याकडेचा वड असेल, किंवा आपल्याच मागच्या बाजूचा उंबर. मुळं फांद्यांच्या घेराबाहेर दूरवर जातात, त्यामुळे सगळ्यात जवळचं झाड म्हणजे गुन्हेगार असं धरून चालू नका.

प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी दिसू द्या. भिंतीला तडा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दोन पानी लेखी अहवाल घ्या. त्याच्या फीकडे खर्च म्हणून बघू नका. पुढे उद्यान विभागापासून कोर्टापर्यंत हाच कागद बोलतो.

झाड नेमकं कुणाचं

बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं. बुंधा हद्दीवरच असेल तर झाड दोघांचं धरून चाला आणि एकट्यानं हात लावू नका. हद्दीबद्दलच वाद असेल तर आधी मालमत्ता पत्रक काढा. शहरात नगर भूमापन कार्यालयाकडे आणि गावठाणाबाहेरच्या सातबाऱ्याच्या जमिनीसाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा, म्हणजे हद्दीच्या खुणा पक्क्या करून देणाऱ्या सरकारी मोजणीचा अर्ज करता येतो. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर राहील हे बघा. त्याच्या गैरहजेरीत रोवलेल्या खुणा तो नंतर मानत नाही, हे नेहमीचं दुखणं आहे.

झाड रस्त्याकडेचं किंवा महापालिकेच्या खुल्या जागेतलं असेल तर वाद शेजाऱ्याशी नाहीच. आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात आणि उद्यान विभागात अर्ज द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी ही चार विभागीय कार्यालयं आहेत. महापालिकेवर दावाच लावायची वेळ आली तर त्याआधी एक महिन्याची कायदेशीर नोटीस द्यावी लागते, हे वकिलाला विसरू देऊ नका.

बोलायला कसं जायचं

"तुमचं झाड तोडा" या वाक्यानं सुरुवात झाली की वाद तिथेच पेटतो. उंबर असेल तर आणखीच. नृसिंहवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथे उंबर हे दत्ताचं ठिकाण. कित्येक घरांत त्याला रोज पाणी घातलं जातं आणि तो तोडायला मजूरही तयार होत नाहीत. ती श्रद्धा आपली नसली तरी तिचा मान ठेवूनच बोलणं पुढे जातं.

रविवारी सकाळी, एकट्यानं जा. मोबाईलवरचे फोटो दाखवण्यापेक्षा माणसाला आपल्या अंगणात आणा.

"काका, उंबराला धक्का लावायचा नाही मला. आमच्या चेंबरात मुळ्या घुसल्यात, एकदा येऊन बघता का?"

"बघू की. चल, आत्ताच येतो."

चेंबरमधला तो गुंता स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की समोरच्याचा सूर बदलतो. त्याच भेटीत पैशांचा विषय काढू नका. "इंजिनिअरला दोघं मिळून विचारू" एवढ्यावर उठा. बोलणं अडलं तर पेठेत तालमीतल्या एखाद्या ज्येष्ठांना आणि कॉलनीत सोसायटीच्या अध्यक्षांना मध्ये घ्या, मात्र दोघांनाही मान्य असलेल्या एकाच माणसाला. पाच जण मध्ये पडले की पाच वाद होतात.

बोलणं झालं तरी पत्र द्या

शेजारी चांगला आहे म्हणून कागद टाळू नका. झाडामुळे आपल्या शेजाऱ्याचं नुकसान होतंय हे मालकाला माहीत होतं, तरी त्यानं काही केलं नाही, हे दाखवता आलं तर भरपाईचा दावा उभा राहतो. ते दाखवायला तारखेचं पत्र लागतं. मजकूर साधा ठेवा:

"आपल्या आवारातील उंबराच्या झाडाची मुळे माझ्या घराच्या पूर्वेकडील ड्रेनेज लाईनमध्ये आली असून दि. ___ रोजी आपण समक्ष पाहणी केली आहे. सोबत फोटो व इंजिनिअरचा अहवाल जोडला आहे. झाड न काढता उपाय करण्याची माझी तयारी आहे. पंधरा दिवसांत एकत्र बसून खर्च व कामाची पद्धत ठरवावी, ही विनंती."

हातोहात देऊन पोच घ्या. पोच देत नसेल तर पोस्टानं नोंद होऊन पोचेल असं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्रात धमकी नको, कलमं नकोत. नुकसानभरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुळांचा त्रास चालूच असेल तर मुदत पुन्हा पुन्हा मोजली जाते, पण त्या आधारावर निवांत बसू नका.

परवानगीशिवाय मुळालाही हात लावू नका

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. आपल्या हद्दीत आलेली फांदी किंवा मूळ हद्दीपर्यंत छाटण्याचा जमीनमालकाचा हक्क न्यायालयांनी फार पूर्वीपासून मानला आहे. शेजाऱ्याच्या डोक्यावर फांद्या वाढवत ठेवण्याचा हक्क वहिवाटीनं मिळत नाही, हेही मानलं गेलं आहे. पण महाराष्ट्रात या हक्कावर 1975 चा कायदा येऊन बसतो: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यात झाड तोडणं याचा अर्थ फक्त बुंधा कापणं असा नाही. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. बुंध्याला भोक पाडून हिंग भरणं, मुळाशी ॲसिड किंवा मोरचूद ओतणं, साल सोलणं हे सगळं रात्रीत होतं आणि महिन्याभरात झाड वाळल्यावर उघड दिसतं. शिक्षेत दंड आहे, कैदही आहे. झाड आपल्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरी हाच नियम.

म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. अर्जात सिटी सर्व्हे नंबर, झाडाची जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजलेला बुंध्याचा घेर, अंदाजे वय, काय करायचंय (फांद्या छाटणं, मुळं कापणं की झाड काढणं) आणि का, हे लिहा. सोबत मालमत्ता पत्रक, घरफाळ्याची पावती, फोटो, इंजिनिअरचा अहवाल जोडा. झाड शेजाऱ्याचं असेल तर त्याची लेखी संमती हवीच, किंबहुना अर्ज त्याच्या नावानं झाला तर उत्तम. तो तयार नसेल तर आपण धोक्याची तक्रार म्हणून अर्ज द्यायचा आणि पाहणीची मागणी करायची.

मुळं किंवा फांद्या छाटण्याचा मर्यादित अर्ज आणि झाड काढण्याचा अर्ज यांत फार फरक आहे. झाड काढायचं म्हटलं की झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात, मग निर्णय होतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री मानलं जातं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावण्याची जबाबदारी येते. त्यामुळे मुळांपुरतं काम भागत असेल तर अर्जही तेवढाच करा. उत्तर येत नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाका, किंवा माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यस्थिती मागा. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

महापालिका हद्दीबाहेरच्या गावांत 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा बघावा लागतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी घराजवळ सर्रास असणारी झाडं आहेत. तिथे ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा समजू नका, वनविभागाकडे चौकशी करूनच पुढे जा. फांद्या विजेच्या तारांना लागत असतील तर स्वतः काठी घालू नका, महावितरणला 1912 वर कळवा.

काम करताना

मुळं कापणं हे प्लंबरचं काम नाही आणि जेसीबीचं तर नाहीच. जेसीबी मूळ कापत नाही, उपटतो. ते बुंध्यापर्यंत फाटतं आणि तिथून कुजायला लागतं.

हिशोब असा करा. बुंध्याचा घेर 126 सेंटिमीटर असेल तर त्याला 3.14 नं भागून व्यास येतो 40 सेंटिमीटर. व्यासाच्या तिप्पट, म्हणजे 120 सेंटिमीटरच्या आतलं जाड मूळ कापायचं नाही, कारण झाडाला उभं धरणारी मुळं तिथे असतात. व्यासाच्या बारापट, म्हणजे सुमारे 16 फुटांच्या आत काहीही कापायचं असेल तर जाणकाराच्या नजरेखाली, फक्त एका बाजूनं आणि कमीत कमी. ज्या बाजूची मुळं कापली त्या बाजूचा आधार गेला. वाऱ्याची दिशा जुळली तर झाड नेमकं आपल्याच गच्चीवर येतं.

वेळही महत्त्वाची. वळवाचे वारे सुरू व्हायच्या तोंडावर किंवा जमीन चिंब असताना मुळं कापू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, म्हणजे पावसापर्यंत झाडाला सावरायला थोडा अवधी मिळतो. 2019 आणि 2021 ला ज्या भागांत पुराचं पाणी शिरलं, तिथे तर ओल्या मातीत उभ्या झाडाचा तोल हा जिवाचा प्रश्न आहे.

हातानं चर खणा, मूळ मोकळं करा, धारदार करवतीनं एका रेषेत कापा. मग त्या चरात रूट बॅरिअर, म्हणजे मुळं अडवणारा पडदा बसवा. एचडीपीई या टणक प्लास्टिकची जाड शीट अडीच ते तीन फूट खोल उभी लावायची, वरची कड जमिनीच्या इंचभर वर ठेवायची, जोडावर शीट एकमेकांवर चांगली चढवायची. कड मातीखाली राहिली तर मुळं वरून उडी मारून पलीकडे येतात. बॅरिअर झाडाजवळ नको, घराच्या जवळ हवं. चर मुरुमानं भरून ठोकून घ्या.

पाईप मात्र बदलाच. पीव्हीसीचा पाईप, रबर रिंग किंवा सोल्व्हंटचे पक्के जोड आणि चेंबरला आतून वॉटरप्रूफ गिलावा, एवढं झालं की मुळाला यायला कारणच उरत नाही. नुसता गुंता काढून घेतला तर तो पुन्हा वाढतो, आणि प्लंबरचं येणं कधी थांबत नाही.

कललेल्या कंपाऊंडसाठी मला सगळ्यात पटणारा उपाय आहे तो मूळ न कापण्याचा. मुळाच्या दोन्ही बाजूंना खांब घ्या, वरून बीम टाका, बीम आणि मूळ यांत वाढीला जागा ठेवा आणि त्यावर भिंत चढवा. खर्च थोडा वाढतो, पण परवानगीचा घोळ नाही, झाड राहतं आणि भिंत पुन्हा कलत नाही. अंगणात काँक्रीटऐवजी रेतीवर पेव्हर बसवा, म्हणजे उचलले गेलेच तर काढून पुन्हा लावता येतात.

काळ्या मातीतलं मोठं झाड एका झटक्यात काढण्याची घाई करू नका. झाड पाणी ओढायचं थांबलं की तीच माती फुगायला लागते आणि उलट्या दिशेनं तडे जातात. टप्प्याटप्प्यानं फांद्या कमी करणं बरं.

भिंतीतला पिंपळ बोटभर असतानाच काढा. नुसता शेंडा खुडून तो जोमानं फुटतो. सांध्यातला चुना-माती उकरून मूळ बाहेर घ्या आणि सांधा पक्का भरा. दोन घरांची सामाईक भिंत असेल तर हे काम दोघांनी एकाच दिवशी करावं.

खर्च आणि करार

गळका पाईप आपला असेल तर पाईपचा खर्च आपण करावा, बॅरिअर आणि मुळांचं काम निम्मं-निम्मं, कंपाऊंड ज्याच्या जागेत असेल तसं. हा कायदा नाही, पण या वाटणीला माणसं राजी होतात. ठरलेलं स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहून घ्या. त्यात छाटणी किती वर्षांनी, कुणी, कुणाच्या खर्चानं, मजुरांना कुणाच्या दारातून येऊ द्यायचं हेही असू द्या. छाटलेल्या फांद्या आणि त्यांवरची फळं झाडाच्या मालकाची, ती त्याला परत द्या. लोंबत्या फांदीवरचे आंबे उतरवून घेतल्यानं निवळलेली प्रकरणं पुन्हा पेटतात.

काहीच जमलं नाही तर

झाड पडायच्या बेतात असेल, बुंधा पोकळ किंवा मुळाशी माती फाटलेली असेल तर वाट बघू नका. वृक्ष अधिकाऱ्यांना तातडीचा अर्ज द्या. त्यासोबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. करवीर प्रांत कार्यालयात अर्ज करून, पडून इजा करू शकेल अशा झाडाबद्दल मालकाला आदेश मागता येतो. चेंबरमध्ये आलेल्या मुळांसाठी मात्र हे कलम वापरू नका.

एरवी आधी कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा. दोघांना बोलावून समझोता घडवतात. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बांधील असतो आणि त्यावर अपील नाही. तिथेही शेजारी आला नाही तर दिवाणी दावा: मनाई हुकूम, मुळांचा बंदोबस्त करण्याचा आदेश आणि भरपाई. न्यायालयाला जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंती करा. चेंबरचे फोटो, पेन्सिलीच्या तारखा, पत्राची पोच हे तेव्हा कामी येतं. वृक्ष अधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. पोलिसांकडे हद्दीचा वाद नेऊन काही निघत नाही. मारहाण, धमकी किंवा घुसून तोडफोड झाली तरच तिकडे जा.

झाड आपलं आणि तक्रार शेजाऱ्याची असेल तर पहिल्याच पत्राला लेखी उत्तर द्या आणि पाहणीला जा. गप्प बसणं पुढे आपल्याच अंगाशी येतं.

काम झाल्यावर दोन पावसाळे बॅरिअरची कड आणि चेंबर तपासत राहा, तड्याची मापं घेत राहा. शेजारचं घर विकलं जात असेल तर नव्या मालकाला कराराची प्रत द्या आणि शीट कुठून कुठपर्यंत पुरली आहे ते जागेवर नेऊन दाखवा. नाहीतर त्याचा पहिला खोदकामवाला ती फाडून टाकेल.